आधी मैदान, मग घरं

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सच्या वायव्येला कापसाची शेतं होती. तिथे १ जानेवारी १९६० रोजी 'सन सिटी' ही निवृत्तांची वसाहत विक्रीला खुली झाली. पहिल्या तीन दिवसांत सुमारे एक लाख माणसं ती बघायला लोटली आणि दोनशेहून जास्त घरं विकली गेली. नमुन्याची घरं होती अवघी पाच. बाकीचं मात्र सगळं तयार होतं: गोल्फचं मैदान, दुकानं, पोहण्याचा तलाव आणि हस्तकलेच्या खोल्या असलेलं करमणूक केंद्र.

एरवी बिल्डरचा रिवाज उलटा. आधी घरं विकायची, क्लबहाउस 'पुढच्या टप्प्यात'. तो टप्पा कधी उगवतो, हे पुण्या-ठाण्यात फ्लॅट घेतलेल्यांना सांगायला नको. सन सिटी उभारणारा डेल वेब हा कंत्राटदार काही संतमहात्मा नव्हता. लास व्हेगासचं फ्लेमिंगो हॉटेल त्याच्याच कंपनीने बांधलेलं, न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघात त्याची भागीदारी. पण त्याने एक गोष्ट अचूक ओळखली. शेजारीच यंगटाउन नावाचं ज्येष्ठांचं गाव १९५४ पासून होतं. तिथे घरं होती, करमणुकीचा एवढा थाट नव्हता. निवृत्त माणसाचा खरा प्रश्न चार भिंतींचा नसून सकाळी चहा झाल्यावर पुढे काय, हा असतो. वेबने त्याचं उत्तर विकलं. १९६२ साली 'टाइम' साप्ताहिकाने त्याला मुखपृष्ठावर घेतलं.

सुरुवातीच्या काळातला लाडका खेळ शफलबोर्ड. सिमेंटच्या लांब पट्टीवर एक जाड चकती ठेवायची, लांब दांड्याने ती ढकलायची आणि समोरच्या टोकाला आखलेल्या आकड्यांच्या त्रिकोणात नेऊन थांबवायची. वाकावं लागत नाही, धावावं लागत नाही. आपले गुण मिळवण्यापेक्षा समोरच्याची चकती उडवण्यात जास्त मजा. पुढच्या पिढीचे निवृत्त अधिक तंदुरुस्त निघाले आणि अलीकडे पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाने मैदानं काबीज केली. १९७९ मध्ये काही बायकांनी 'पॉम्स' हे नाचाचं पथक काढलं. हातात चकचकीत झुपके, अंगावर झगमगीत पोशाख, आणि गावोगावच्या मिरवणुकांत कवायतीसारखी शिस्तबद्ध पावलं. पथकात शिरायला वयाची अट आहे, पण ती खालची: पंचावन्न पूर्ण हवीत!

मला स्वतःला नाचापेक्षा तिथल्या सुतारशाळेचं जास्त कौतुक वाटतं. फिरती करवत, रंधायंत्र, लेथ अशी घरी परवडणार नाहीत आणि मावणारही नाहीत अशी यंत्रं तिथे सभासदांना वापरायला मिळतात. देखरेखीला पगारी माणूस नाही, सभासदच पाळी लावून उभे राहतात. पुढे करमणूक केंद्रांचा कारभार कंपनीकडून रहिवाशांच्या स्वतःच्या संस्थेकडे आला. आज तिथे सात केंद्रं आहेत आणि शंभरावर मंडळं. उलट शेजारच्या सन सिटी वेस्टमध्ये १९८० साली कंपनीने उभारलेलं सात हजार आसनांचं 'सनडोम' नाट्यगृह २०१३ मध्ये पाडावं लागलं. एवढा डोलारा भरायला रोज प्रेक्षक आणायचे कुठून?

या कौतुकाला एक काळी किनार आहे, आणि ती झाकता येत नाही. करमणूक केंद्राची वर्गणी हौसेने भरणाऱ्या याच मंडळींना शाळांचा कर मात्र डोईजड झाला. आपली मुलं शिकून मोठी झाली, आता दुसऱ्यांच्या पोरांसाठी आपण का भरायचं? सन १९६२ ते १९७४ या काळात शाळांसाठी कर्ज उभारण्याचे सतरा प्रस्ताव मतदानात पडले. शेवटी सन सिटीला तिथल्या शाळांच्या कारभाराच्या जिल्ह्यातूनच वेगळं काढलं, तेव्हा कुठे वाद मिटला. वसाहतीत लहान मुलांना कायमचं राहता येत नाही. नातवंडं यायची ती पाहुणी म्हणून, दिवस मोजून. पोरांचा गोंगाट नको म्हणता म्हणता पोरांच्या शाळेचीही जबाबदारी नको झाली. या हिशोबात मला कोतेपणा दिसतो.

आपल्याकडे या शतकात पुण्यात 'अथश्री'सारखी ज्येष्ठांची संकुलं उभी राहिली, आणि गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ व विरंगुळा केंद्रं तर त्याआधीपासून आहेत. तिथे गोल्फ नाही, पण हास्यक्लब आहे, भजनी मंडळ आहे, कॅरम आहे, वर्तमानपत्रावरून भांडण आहे. आता गुळगुळीत माहितीपत्रकांचा सुळसुळाट झालाय. ती चाळताना सोयींची यादी मोजत बसू नका. क्लबहाउस आज बांधून उभं आहे का, त्याची किल्ली कोणाकडे राहणार, महिन्याची वर्गणी कोण ठरवणार आणि मे महिन्यात नातू किती दिवस राहू शकेल, एवढं विचारा. उत्तरं लेखी घ्या, मगच टोकन द्या.