तिसऱ्या जागेवर कोण बसणार?

१७ फेब्रुवारी १९७७ रोजी गॅलापागोस बेटांजवळ ‘ॲल्विन’ ही छोटी पाणबुडी अडीच किलोमीटर खोल तळाशी पोहोचली. आत तिघे दाटीवाटीने बसलेले: चालक जॅक डॉनेली आणि जॅक कॉर्लिस व चेर्ड व्हॅन अँडेल हे दोन भूवैज्ञानिक. समुद्रतळ जिथे फाटत जातो तिथे गरम पाण्याचे झरे असावेत, हा तर्क त्यांना तपासायचा होता. त्याआधी ‘अँगस’ ही कॅमेरे बसवलेली लोखंडी चौकट जहाजाने तळालगत ओढत नेली होती. तिने काढलेल्या हजारो फोटोंत काळ्या लाव्ह्याशिवाय काही नव्हते. फक्त तापमापकाने उसळी घेतली त्या जागी, जेमतेम १३ फोटोंत, शिंपल्यांची गर्दी होती.

झरे सापडलेच. पण त्यांच्याभोवती शिंपले, खेकडे, पुढच्या बुड्यांत दिसलेले नळीत राहणारे लांबलचक कृमी, अशी जत्राच भरलेली! सूर्यप्रकाशाचा लवलेश नाही आणि तरीही एवढे जीव. इथले जीवाणू झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवर जगतात आणि बाकीची वस्ती त्या जीवाणूंवर, हे पुढे उलगडले. गंमत अशी, की त्या मोहिमेवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. नमुने टिकवायला पुरेसे रसायनही नव्हते. काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात बुडवून आणावे लागले.

अशा वाहनाची रचना समजून घेतली, की जागांची इतकी टंचाई का, हे कळते. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. सहा हजार मीटरवर तो सुमारे सहाशे पट होतो. तो सर्व बाजूंनी सारखा पेलायचा तर आकार गोलच हवा, आणि गोल जितका मोठा तितकी भिंत जाड, म्हणजे वजनही जास्त. मग वर यायचे कसे? १९६० साली मारियाना गर्तेत उतरलेल्या ‘त्रिएस्ते’ने त्यासाठी पेट्रोलने भरलेली अवाढव्य टाकी डोक्यावर वाहिली. ॲल्विनच्या बांधणीत तिच्याऐवजी सिंटॅक्टिक फोम आला: काचेचे सूक्ष्म पोकळ मणी राळेत घट्ट बसवलेला, दाबाने न चेपणारा हलका ठोकळा. पाणबुडी लोखंडी वजनांच्या भाराने खाली जाते आणि ती टाकून दिली की आपोआप वर येते. खाली रेडिओ चालत नाही. बोलायचे ते ध्वनिलहरींतून, सेकंदाला दीड किलोमीटर वेगाने. सहा हजार मीटरवरून शब्द वर पोहोचायला चार सेकंद.

ॲल्विनची एक फजितीही विज्ञानाच्या कामी आली. ऑक्टोबर १९६८ मध्ये पाण्यात सोडताना तिचे तारदोर तुटले. आतले लोक वाचले, पाणबुडी मात्र उघड्या झाकणानिशी दीड किलोमीटर खाली गेली. पुढच्या वर्षी तिला वर काढले, तर आतला जेवणाचा डबा, सँडविच आणि सफरचंदे, भिजलेला पण जवळपास न सडलेला! एवढ्या खोलीवर जीवाणूंचे काम किती संथ चालते, यावर त्यातून स्वतंत्र संशोधन सुरू झाले. असल्या प्रश्नावर आधी कोणी अनुदान दिले असते का, शंकाच आहे.

आपल्याकडे खोल समुद्राची कहाणी खनिजांपासून सुरू होते. २६ जानेवारी १९८१ रोजी, गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने तळावरचे मँगनीजचे गोळे वर आणले. निकेल, तांबे, कोबाल्ट असलेले हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटरच वाढतात. मध्य हिंद महासागरात ७५ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात त्यांचा शोध घेण्याचा हक्क आज आपल्याकडे आहे. २०२१ साली मंजूर झालेल्या ‘डीप ओशन मिशन’मधून चेन्नईची राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य-६०००’ ही पाणबुडी बांधते आहे: तीन माणसे, सुमारे दोन मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोल, भिंत ८० मिलिमीटर जाड, बुडी १२ तासांची, संकटात ९६ तास पुरेल एवढा प्राणवायू. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय सागरवीर सरावासाठी फ्रान्सच्या ‘नॉटील’मधून अटलांटिकमध्ये चार आणि पाच हजार मीटरपर्यंत जाऊनही आले.

माणूस कशाला, यंत्रमानव पाठवा, असे म्हणणारे आहेत, आणि ते सर्वस्वी चूक नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईची ही संस्था आणि वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र यांनी हिंद महासागरात साडेचार हजार मीटर खोल जिवंत झऱ्याची छायाचित्रे मिळवली, ती स्वयंचलित यानानेच. पण यान नेमून दिलेल्या वाटेने जाते. वाटेत काही विचित्र दिसले तर थांबून त्याच्याकडे वळायचे, हे आत बसलेल्या माणसालाच सुचते. मात्र त्याला ते विचित्र आहे हे ओळखता यायला हवे.

गोळ्यांच्या त्याच तळावर खाणकाम करायचे की नाही, याचे आंतरराष्ट्रीय नियम अजून ठरायचे आहेत. त्या निर्णयाआधी तिथे कोण राहते, हे कळलेच पाहिजे. म्हणून ‘मत्स्य’च्या पहिल्या संशोधन-बुडीपासूनच तीनपैकी एक जागा जीवशास्त्रज्ञासाठी राखून ठेवा.