पदवीधर-मंडळे, विद्यापीठीय
पदवीधर-मंडळे, विद्यापीठीय : विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांना त्या विद्यापीठाच्या कारभारात मत वा सल्ला देता यावा, म्हणून निर्माण झालेल्या संस्था. विद्यार्थी काही वर्षांनी निघून जातो, अध्यापक निवृत्त होतो आणि शासन बदलते. पदवी मात्र धारकाच्या नावापुढे जन्मभर राहते. विद्यापीठाची प्रतिष्ठा वाढली वा घसरली, तर तिचा परिणाम जुन्या पदवीवरही होतो. पदवीधराचा विद्यापीठाशी असलेला हा कायमचा हितसंबंध या मंडळांमागील मूळ तत्त्व होय. त्यांचे स्थूलमानाने दोन प्रकार पडतात : (१) पदवीधरांनी मतदानाने निवडलेले प्रतिनिधी ज्यांत बसतात, अशी वैधानिक मंडळे आणि (२) विद्यापीठाच्या, महाविद्यालयाच्या वा विभागाच्या प्रमुखाने नेमलेली सल्लागार मंडळे. पहिल्या प्रकारात सभासदाला मताधिकार असतो. दुसऱ्यात त्याचे मत ऐकून घेतले जाते, पण ते बंधनकारक नसते. या मंडळांच्या इतिहासातील बहुतेक वाद या भेदाशी निगडित आहेत.

इंग्लंड : ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे एम्.ए. पदवी घेणारा दीर्घकाळ विद्यापीठाचा पूर्ण सभासद मानला जाई व महत्त्वाच्या ठरावांवर मत देण्याचा त्याला हक्क असे. या हक्काची शक्ती आणि त्यातील धोका ही दोन्ही केंब्रिजमध्ये २१ मे १८९७ रोजी प्रकर्षाने दिसून आली. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या स्त्रियांना पदवीची उपाधी द्यावी, या प्रस्तावावर मत देण्यासाठी ठिकठिकाणचे पदवीधर आले. लंडनहून खास आगगाड्या सोडण्यात आल्या. प्रस्ताव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. अध्यापनाशी संबंध नसलेल्या व निर्णयाचे परिणाम प्रत्यक्ष न भोगणाऱ्या मतदारांनी विद्यापीठाची वाट अडवावी काय, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. १९२६ च्या नव्या परिनियमांनी प्रत्यक्ष सत्ता विद्यापीठात काम करणाऱ्या अध्यापक-प्रशासकांच्या सभेकडे सोपविली. केंब्रिजमध्ये स्त्रियांना पूर्ण सभासदत्व मिळण्यास मात्र १९४८ साल उजाडावे लागले. ऑक्सफर्डमध्येही पदवीधरांच्या सभेचे अधिकार क्रमाने आकुंचित झाले. तथापि कुलपतीची निवड तिच्याकडे राहिली. २०२४ मधील ही निवड प्रथमच संगणकीय जालावरील मतदानाने झाली आणि विल्यम हेग निवडून आले.

लंडन विद्यापीठात १८५८ च्या सनदेने ‘कॉन्व्होकेशन’ स्थापन झाले. महाराष्ट्रात हा शब्द पदवीदान समारंभाला रूढ असला, तरी लंडनमध्ये त्याचा अर्थ पदवीधरांची सभा असा होता. सिनेटवरील काही जागांसाठी नावे सुचविणे व नव्या सनदेस संमती देणे हे तिचे अधिकार होते. १८७७ मध्ये सिनेटने वैद्यकीय पदव्या स्त्रियांना खुल्या करण्याचे ठरविले, तेव्हा वैद्यक पदवीधरांनी या सभेत कडवा विरोध केला. परंतु पुढील वर्षी त्याच सभेने सर्वच पदव्या स्त्रियांना खुल्या करणाऱ्या सनदेस संमती दिली. ही सभा २००३ मध्ये रद्द करण्यात आली.

अमेरिका : अमेरिकेत पदवीधरांचे प्रतिनिधित्व प्रामुख्याने विश्वस्त मंडळांतून विकसित झाले. हार्व्हर्डच्या ‘बोर्ड ऑफ ओव्हरसीअर्स’ या मंडळावर पूर्वी मॅसॅचूसेट्स राज्याचे पदाधिकारी बसत. १८६५ च्या कायद्याने त्याची निवडणूक पदवीधरांकडे आली. या मंडळात तीस निर्वाचित सभासद असून त्यांची मुदत सहा वर्षांची असते. अध्यक्षाच्या नेमणुकीस संमती देणे आणि निरनिराळ्या विभागांना भेट देऊन परीक्षण करणाऱ्या समित्या नेमणे ही त्याची प्रमुख कामे होत. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदी राजवटीशी व्यवहार असणाऱ्या कंपन्यांतील गुंतवणूक काढून घ्यावी, या मागणीसाठी १९८० नंतरच्या दशकात काही पदवीधरांनी स्वतंत्र उमेदवार उभे केले. त्यांपैकी आर्चबिशप डेस्मंड टूटू हे १९८९ मध्ये निवडून आले.

डार्टमथ महाविद्यालयात १८९१ च्या समझोत्याने विश्वस्तांच्या निम्म्या जागांसाठी नावे सुचविण्याचा अधिकार पदवीधरांना मिळाला. पुढे स्वतंत्र उमेदवार वारंवार विजयी होऊ लागल्यावर विश्वस्त मंडळाने २००७ मध्ये स्वतः निवडावयाच्या आठ जागा वाढविल्या व ही समानता संपुष्टात आली. पदवीधर संघाने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. पण पुढच्याच वर्षी संघाच्या निवडणुकीत वादाला प्रतिकूल असलेला गट विजयी झाला आणि दावा मागे घेण्यात आला. पदवीधरांचा आवाज एकसंध असतो, ही समजूत किती अपुरी आहे, याचे हे उदाहरण होय.

भारत : लंडनच्या धर्तीवर १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठात आरंभी पदवीधरांना मताधिकार नव्हता, सिनेटवरील फेलो शासन नेमीत असे व त्यांची नेमणूक तहहयात असे. तथापि १८६२ मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांपैकी महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना लवकरच फेलो म्हणून स्थान मिळाले. देशी भाषांना उच्च परीक्षांत स्थान मिळावे, यासाठी रानडे यांनी सिनेटमध्ये दीर्घकाळ प्रयत्न केले. याच विद्यापीठाचे पदवीधर काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे १८९२ मध्ये त्याचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. त्यांच्यानंतर भांडारकर त्या पदावर आले. आपणच ज्या परीक्षा दिल्या, त्यांचे गुणदोष जाणणारी माणसे निर्णयाच्या जागी आली म्हणजे काय घडू शकते, हे या पिढीने दाखवून दिले. मात्र त्यांचे स्थान नेमणुकीवर अवलंबून होते. ते हक्काचे नव्हते.

लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीतील भारतीय विद्यापीठ अधिनियमाने (१९०४) हा हक्क वैधानिक झाला, पण अत्यंत मर्यादित स्वरूपात. कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील सिनेटची कमाल सभासदसंख्या शंभर ठरली. त्यांपैकी दहा नोंदणीकृत पदवीधरांनी व दहा विद्याशाखांनी निवडावयाचे होते आणि उरलेल्यांची नेमणूक कुलपतीकडे होती. मास्टर वा डॉक्टर पदवी असलेल्यांना किंवा पदवी घेऊन दहा वर्षे झालेल्यांना शुल्क भरून मतदार म्हणून नाव नोंदविता येई. या रचनेमुळे विद्यापीठे सरकारी खात्यांसारखी होतील, अशी टीका गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय विधिमंडळात केली. मुंबईत १९२८ च्या अधिनियमाने निर्वाचित सभासदांचे प्रमाण वाढले.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने (२०१६) विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा निर्वाचित प्रतिनिधी असतात. त्यांपैकी पाच जागा अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि स्त्रिया यांच्यासाठी प्रत्येकी एक याप्रमाणे राखीव आहेत. अधिसभा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल व लेखे यांवर चर्चा करते. दैनंदिन कार्यकारी सत्ता व्यवस्थापन परिषदेकडे असते. या निवडणुका विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघांहून भिन्न आहेत. विधान परिषदेसाठी कोणत्याही मान्य विद्यापीठाचा, पदवी घेऊन तीन वर्षे झालेला पदवीधर आपल्या मतदारसंघात नाव नोंदवू शकतो. अधिसभेसाठी त्याच विद्यापीठाची पदवी व तेथील नोंदणी आवश्यक असते. व्यवहारात या निवडणुकांवर राजकीय पक्षांच्या संघटनांचा प्रभाव दिसतो व पात्र पदवीधरांच्या मानाने नोंदणी करणारे अल्प असतात. मुंबई विद्यापीठात २०२३ मध्ये जाहीर झालेली पदवीधर गटाची निवडणूक स्थगित होऊन अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये पार पडली. तोवरच्या काळात पदवीधरांचा प्रतिनिधी अधिसभेत नव्हता.

सल्लागार मंडळे : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, विशेषतः अभियांत्रिकी व व्यवस्थापन या शाखांत, नेमलेल्या सल्लागार मंडळांचा प्रसार झाला. उद्योग, शासन, संशोधन वा समाजकार्य यांत अनुभव मिळविलेल्या माजी विद्यार्थ्यांना अधिष्ठाता वा विभागप्रमुख ठराविक मुदतीसाठी निमंत्रित करतो आणि मंडळ वर्षातून एकदोनदा भरते. पदवीधरांना प्रत्यक्ष व्यवसायात कोणते ज्ञान अपुरे पडते हे सांगणे, नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा तपासणे, विद्यार्थ्यांना उमेदवारीची संधी मिळवून देणे व निधिसंकलनास साहाय्य करणे ही त्याची नेहमीची कामे होत. भारतात अधिस्वीकृतीच्या पद्धतींमुळे या प्रथेस चालना मिळाली : महाविद्यालयांच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या अभ्यासमंडळांत माजी विद्यार्थ्याला स्थान आहे. महाराष्ट्रात २०१६ च्या अधिनियमानुसार महाविद्यालय विकास समितीवरही किमान एक माजी विद्यार्थी असावा लागतो.

अशा मंडळाचा उपयोग ते कसे चालविले जाते, यावर अवलंबून असतो. विभागाची खरी आकडेवारी, म्हणजे उत्तीर्णांचे प्रमाण, रिक्त अध्यापकपदे, प्रयोगशाळांची स्थिती, सभासदांपुढे आधी ठेवली, तरच त्यांचा सल्ला नेमका होतो. एरवी सभा सत्कार व आठवणी यांत संपते. दिलेल्या सल्ल्यावर काय कार्यवाही झाली, हे पुढील सभेत लेखी सांगण्याची प्रथा आवश्यक ठरते. निवड एकाच व्यक्तीच्या हाती असल्याने प्रतिकूल बोलणारे वगळले जाण्याचा संभव असतो. केवळ यशस्वी व संपन्न माजी विद्यार्थीच बोलाविले गेले, तर शिक्षण घेऊनही नोकरी न मिळालेल्यांचा, शिक्षण अर्धवट सुटलेल्यांचा आणि ग्रामीण भागात काम करणाऱ्यांचा अनुभव मंडळापर्यंत पोहोचत नाही, आणि विभागाच्या उणिवा नेमक्या त्यांनाच ठाऊक असतात. देणगी व सल्ला यांची गल्लत हाही एक धोका आहे : मोठा देणगीदार सभासद असला, म्हणजे नेमणुका वा अभ्यासक्रम यांविषयीची त्याची सूचना नाकारणे संस्थेला अवघड जाते. म्हणून निधिसंकलनाचे काम वेगळ्या समितीकडे असावे, असे मत मांडले जाते.

निर्वाचित प्रतिनिधी व नेमलेला सल्लागार यांची कार्ये परस्परपूरक आहेत. सल्लागाराजवळ विषयाचे ज्ञान असते, पण त्याचे मत डावलले गेल्यास दाद मागण्याचे स्थान त्याला नसते. प्रतिनिधी अधिसभेत प्रश्न विचारू शकतो व उत्तर नोंदले जाते. मात्र प्रत्येक विषयातील तज्ज्ञता त्याच्याकडून अपेक्षिता येत नाही. सल्लागार मंडळ नेमले म्हणून निवडणूक लांबणीवर टाकता येत नाही आणि निवडणूक झाली म्हणून तज्ज्ञ माजी विद्यार्थ्यांना विचारण्याची गरजही संपत नाही.