मायक्रोव्होल्टचा हिशेब

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळच्या खोडदला दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने, शाळा-कॉलेजची मुलं जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला गर्दी करतात. तारेच्या जाळीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी आणि १६ वाय आकाराच्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभं राहिलेलं हे काम. तबकडीवरून नजर हटत नाही हे खरं, पण मला विचाराल तर वर तिच्या नाभीपाशी बघा. तिथे लहरी गोळा करणारा फीड बसवलेला असतो आणि त्याच्या पाठीला लागूनच पहिला अ‍ॅम्प्लिफायर.

त्याच्या हाती येतं किती? सिग्नल आणि गोंगाट मिळून तापमान १०० केल्विन आणि वारंवारतेचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झ धरला, तर बोल्ट्झमनच्या स्थिरांकाने गुणून येणारी शक्ती ५० ओहमवर जेमतेम दीड मायक्रोव्होल्ट देते. त्यातही बराचसा गोंगाटच.

अशा जागी द्विध्रुवी किंवा फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर वापरतात. हिशेबाची रीत दोन्हींची सारखीच. आपण द्विध्रुवी घेऊ. त्याचा कलेक्टर करंट बेस-एमिटर व्होल्टेजनुसार घातांकी वाढतो: १८ मिलिव्होल्ट वाढवले की करंट दुप्पट. असा वाकडा आलेख हाताळायचा कसा? माळशेज घाटात वळणावळणाला चढ बदलतो, पण दोन पावलांपुरता तो एकसारखाच असतो. तसंच इथे करायचं. आधी डीसी बायस देऊन ट्रान्झिस्टर एका जागी स्थिर करायचा, समजा १ मिलिअँपिअरवर, आणि त्या जागी आलेखाचा उतार मोजायचा. नेहमीच्या तापमानाला थर्मल व्होल्टेज २६ मिलिव्होल्ट असतं. करंट भागिले २६ मिलिव्होल्ट म्हणजे व्होल्टला सुमारे ३८ मिलिअँपिअर, हाच ट्रान्सकंडक्टन्स.

आता ट्रान्झिस्टर बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी साधं सर्किट काढा. बेस आणि एमिटरच्या मध्ये रोध: बीटा, म्हणजे कलेक्टर आणि बेस करंटचं गुणोत्तर, १०० असेल तर २६०० ओहम. कलेक्टरकडे करंटचा स्रोत, बेसवरच्या सिग्नलच्या ३८ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट पट. सप्लायचं व्होल्टेज बदलत नाही, म्हणून सिग्नलच्या लेखी तो थेट ग्राउंडच. कलेक्टरला १ किलोओहमचा रोध जोडला की गेन ३८, फेज उलटी. दीड मायक्रोव्होल्टचे ५७ झाले.

कागदावर झाले. ३२७ मेगाहर्ट्झ या जीएमआरटीच्या एका मूळ वारंवारतेला गोष्ट बिघडते. बेस आणि कलेक्टरच्या मध्ये एक इवलासा कपॅसिटन्स असतो, समजा १ पिकोफॅरड. त्याचं एक टोक सिग्नलसोबत वर जातं, तर दुसरं ३८ पट खाली. म्हणून बेसला तो ३९ पिकोफॅरड भासतो. याला मिलर परिणाम म्हणतात. ३२७ मेगाहर्ट्झला ३९ पिकोफॅरडचा रोध साडेबारा ओहम. २६०० ओहमचा इनपुट त्यापुढे नावापुरताच उरतो. उपाय म्हणून कॅस्कोड जोडतात: पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला दुसऱ्याचा एमिटर. त्या एमिटरचा रोध फक्त २६ ओहम, म्हणून पहिल्याचा गेन साधारण १, आणि ३९ चे २ पिकोफॅरड होतात. गेन दुसरा ट्रान्झिस्टर देतो.

या साऱ्या मांडणीचा पाया एकच: सिग्नल २६ मिलिव्होल्टच्या मानाने लहान हवा. ५ मिलिव्होल्टला सरळ रेषेतून सुमारे १० टक्के चूक येते. दीड मायक्रोव्होल्टला ०.००३ टक्के. आकाशातला सिग्नल जितका क्षीण, तितकं हे मॉडेल चोख. धोका शेजाऱ्यांचा आहे. एखादं एफएम केंद्र १०४ मेगाहर्ट्झवर जोरात घुमत असेल, तर आलेखाच्या वाकडेपणातून त्याची तिप्पट वारंवारता, ३१२, अ‍ॅम्प्लिफायरमध्येच जन्मते आणि ३२७ भोवतीच्या ३२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात थेट येऊन बसते. मग तिला वेगळं काढणं अशक्यच. माणसांचा रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा निवडण्यामागे हे एक मोठं कारण होतं.

फिल्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी बसवला तर एफएम अडतं, पण फिल्टरचीही किंमत असते. त्यात अर्धा डेसिबल जरी गळला, तरी तो नेहमीच्या तापमानाला सुमारे ३५ केल्विनचा गोंगाट आणतो, म्हणजे आपल्या १०० केल्विनच्या एक तृतीयांश.