ओसरलेल्या झटक्याचा हिशेब

बोलताना जीभ अचानक जड होते, शर्टाचे बटण बोटांना लावता येत नाही, ओठाचा एक कोपरा खाली ओघळतो. आणि पंधरा मिनिटांत सारे पूर्ववत होते. घरचे ‘अशक्तपणा असेल’ म्हणतात आणि विषय तिथेच मिटतो. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ तुटून पुन्हा सुरू झाला की त्याला टीआयए म्हणतात. माणूस ठणठणीत दिसू लागतो त्याच तासांत पक्षाघाताचा धोका सर्वाधिक असतो. कॅलिफोर्नियातील १,७०७ रुग्णांची पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी साडेदहा टक्के रुग्णांना ९० दिवसांत पक्षाघात झाला आणि त्यातले जवळपास निम्मे पहिल्या दोन दिवसांतच.

हा धोका आधी ओळखावा म्हणून २००७ साली ‘एबीसीडी-२’ ही गुणपद्धती पुढे आली. वय ६० किंवा अधिक असल्यास एक गुण, रक्तदाब १४०/९० किंवा वर असल्यास एक, मधुमेहाचा एक. एका बाजूचा अशक्तपणा असेल तर दोन, नुसती वाचा अडखळली तर एक. लक्षणे तासभर टिकली तर दोन, दहा मिनिटांहून जास्त टिकली तर एक. एकूण सात. सहा-सात गुणांच्या गटात दोन दिवसांतला धोका आठ टक्क्यांच्या आसपास, तीनपर्यंतच्या गटात एक टक्का. गटांपुरते हे आकडे बरोबर आहेत. माझा आक्षेप आहे तो समोरच्या एका रुग्णाला घरी पाठवण्यासाठी त्यांचा आधार घेण्याला.

समजा, ४८ वर्षांचा, विडी-सिगारेट ओढणारा गृहस्थ आहे. शुगर नाही, बीपी १३०/८०, आठ मिनिटे शब्द सापडेनात. गुण झाला एक. पण मानेतल्या कॅरोटिड रोहिणीत ऐंशी टक्के अडथळा असू शकतो आणि गुणांच्या तक्त्यात त्याची विचारणाच नाही. दुसरीकडे ६५ वर्षांच्या बाई, मधुमेही, बीपी १५०. कानाच्या आतल्या बिघाडामुळे दीड तास गरगरले. गुण पाच! तक्ता ज्याला थांबायला सांगतो त्याचीच तपासणी आधी व्हायला हवी. २१ देशांतील ४,७८९ रुग्णांच्या नोंदवहीचे निष्कर्ष २०१६ साली आले, तेव्हाही हेच दिसले: चारपेक्षा कमी गुणांच्या रुग्णांना बाजूला ठेवले असते, तर लवकर झालेल्या पक्षाघातांपैकी सुमारे एक पंचमांश निसटले असते. एमआरआयमध्ये मेंदूत अनेक ठिकाणी ताज्या इजा दिसणे, किंवा मोठ्या रोहिणीत साठलेला मेद, या गोष्टी धोका दुपटीने वाढवतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१९ साली अशा गुणपद्धती वापरूच नका, गेल्या आठवड्याभरात लक्षणे आलेल्या प्रत्येकाला २४ तासांत तज्ज्ञाला दाखवा, असे सांगितले ते याच कारणाने.

घाईने खरेच काही साधते का? ऑक्सफर्डशायरमध्ये पीटर रॉथवेल यांच्या गटाने ते तपासले. आधी रुग्णाला वेळ घ्यावी लागे, सल्ला पत्राने घरच्या डॉक्टरकडे जाई आणि औषधाची पहिली चिठ्ठी मिळायला साधारण वीस दिवस लागत. मग वेळ घेण्याची अट काढली, औषध क्लिनिकमध्येच सुरू केले आणि तो काळ एका दिवसावर आला. ९० दिवसांतले पक्षाघात १०.३ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर उतरले. औषधे जुनीच होती: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन, बीपीच्या गोळ्या.

रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकदम दिल्या तर रक्तस्राव होईल, ही शंका रास्त आहे. २०१८ च्या ‘पॉइंट’ चाचणीत मोठा रक्तस्राव ०.४ वरून ०.९ टक्क्यांवर गेला खरा. पण फायदा सुरुवातीच्या काळात एकवटलेला असल्याने जास्त धोक्याच्या रुग्णांना ही जोडी साधारण तीन आठवडेच देतात, मग एकच गोळी. अर्थात, लक्षणे चालू असताना स्कॅनआधी घरच्या घरी गोळी घेणे धोक्याचे. तो मेंदूतला रक्तस्रावही असू शकतो.

राहिला सर्वांत वजनदार आक्षेप: तालुक्याच्या गावी एमआरआय कुठे, न्यूरोलॉजिस्ट कुठे? नसेलही. पण नाडी अनियमित आहे का हे बोटांना कळते, ईसीजीत अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन सापडू शकते, मानेची डॉप्लर सोनोग्राफी जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा होते. अडथळा मोठा निघाला तर शस्त्रक्रियेचा सर्वाधिक लाभ पहिल्या दोन आठवड्यांत मिळतो. गर्दीत आधी कोणाला पाठवायचे हे ठरवायला गुणांची मदत जरूर घ्यावी. कोणाला पाठवायचेच नाही हे मात्र त्यावरून ठरवू नये. आणि घरच्यांनी लक्षण कधी सुरू झाले, किती वेळ टिकले, कोणती बाजू, हे कागदावर लिहून सोबत न्यावे. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत तपासणीत बहुतेकदा काहीच उरलेले नसते. निदान बरेचसे त्या कागदावरच होते.