उत्तर वर, दुवा खाली

‘साडेबारा टक्के योजनेत प्रत्यक्ष किती जमीन मिळते?’ कोपरखैरणेच्या सेक्टरांनी चहूबाजूंनी वेढलेल्या बोनकोडे गावठाणात हा प्रश्न जुना झालेला नाही. वारसनोंद करायची असो, भावाभावांत वाटणी असो की बिल्डरशी बोलणी, तो पुन्हा पुन्हा निघतो. आता तो आधी फोनवर विचारला जातो. गूगलच्या रकान्यात हा प्रश्न टाकल्यापासून पडद्यावर उत्तर उमटेपर्यंत काय काय घडतं, ते टप्प्याटप्प्यानं पाहू. एआयने लिहिलेल्या उत्तरांमुळे वेबसाइटवाल्यांचं काय होतंय, ते या एका प्रश्नाच्या प्रवासात बरंचसं दिसतं.

आधी खरं उत्तर. नवी मुंबई वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं आणि पोलीस गोळीबारात पाच जणांचा जीव गेला. पुढे 1990 च्या दशकात योजना लागू झाली: संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्ताला परत. पण त्यातला 30 टक्के भाग, म्हणजे मूळ जमिनीच्या 3.75 टक्के, सामाजिक सुविधांसाठी वजा होतो. हातात येतात 8.75 टक्के. एकरभर जमीन, म्हणजे 40 गुंठे गेले असतील, तर कागदावर पाच गुंठे आणि प्रत्यक्षात साडेतीन. दीड गुंठ्याचा हा फरक नवी मुंबईत किती पैशांचा असतो, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता समजा, गावातल्या एखाद्या तरुण वकिलानं हे सगळं नीट मांडणारं पान आपल्या वेबसाइटवर लिहिलं: योजना, वजावट, गुंठ्यांचं गणित, लागणारी कागदपत्रं. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, ते वाचून जातो. पानातला मजकूर इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या प्रचंड सूचीत नोंदवला जातो. कुणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून जुळणारी पानं निवडून क्रमानं लावली जातात. पान स्पष्ट असेल, इतर साइट्सनी त्याला दुवे दिले असतील, मोबाइलवर लवकर उघडत असेल, तर ते वर येतं. वर येण्यासाठी जे काही करायचं, त्यालाच एसईओ म्हणतात.

या व्यवहारात एक अलिखित करार होता. वकिलानं मजकूर फुकट वाचू द्यायचा आणि गूगलनं बदल्यात वाचक पाठवायचा. वाचक आला की जाहिरात दिसते, फोन नंबर दिसतो, कधीतरी अशील मिळतो. पाव शतक इंटरनेटवरचं बहुतेक मोफत लेखन या करारावर उभं राहिलं. त्याला पहिला धक्का 2014 च्या सुमारास बसला. एखाद्या पानातला उतारा उचलून निकालांच्या डोक्यावर चौकटीत दाखवायला गूगलनं तेव्हा सुरुवात केली. पण तो उतारा एकाच पानाचा होता, त्याच पानाच्या शब्दांत होता आणि दुवा लगेच खाली होता.

मे 2024 मध्ये अमेरिकेत एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या डोक्यावर गूगलच्या एआयने लिहिलेला सारांश, आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात, इंग्रजी आणि हिंदीत. 2025 मध्ये सगळं उत्तर संवादाच्या रूपात देणारा एआय मोडही इथे पोचला. दोन्हींची कार्यपद्धती मुळात सारखीच आहे. प्रश्न आल्यावर यंत्रणा आधी ठरवते की इथे सारांश द्यायचा का. ‘कोपरखैरणे स्टेशन’ एवढंच टाइप केलं तर नकाशा पुरतो. ‘किती’, ‘कसं’, ‘का’ असे पूर्ण वाक्यातले प्रश्न आले की सारांशाची शक्यता वाढते. मग एका प्रश्नाचे अनेक पोटप्रश्न केले जातात: योजना काय आहे, पात्र कोण, वजावट किती, अर्ज कुठे. प्रत्येकासाठी त्याच इंडेक्समधून पानं शोधली जातात, त्यांतले कामाचे परिच्छेद वेचले जातात आणि भाषेचं मॉडेल त्यांवरून नवी वाक्यं रचतं. बाजूला किंवा खाली दोनचार दुवे लागतात.

म्हणजे मॉडेल प्रत्येक वेळी सगळं ‘आठवून’ सांगत नाही, ते आधी शोधतं. म्हणूनच जुना एसईओ मेला असं म्हणणं चुकीचं आहे. जे पान इंडेक्समध्येच नाही, ते सारांशातही येत नाही. पण निवडीचं एकक बदललं आहे. पूर्वी अख्ख्या पानाची स्पर्धा अख्ख्या पानाशी होती. आता एकेका परिच्छेदाची आहे. आमच्या वकिलाचा वजावटीचा परिच्छेद उचलला जाईल आणि कागदपत्रांची यादी दुसऱ्या कुणाची घेतली जाईल. शिवाय नव्यानं रचलेल्या वाक्यात ‘साडेबारा टक्के भूखंड मिळतो’ एवढंच उरून वजावट गळाली, तर वाचक चुकीचा आकडा घेऊन बोलणीला बसेल. आणि दुवा उघडलाच नाही, तर ते त्याला कळणारही नाही.

दुवा उघडतो का, यावर सर्वांत स्वच्छ मोजणी अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरची आहे. त्यांनी मार्च 2025 मधलं 900 प्रौढांचं ब्राउझिंग तपासलं. सारांश नसताना 15 टक्के वेळा लोक एखाद्या निकालावर क्लिक करत होते. सारांश असताना 8 टक्के वेळा. खुद्द सारांशातल्या दुव्यावर क्लिक फक्त 1 टक्का वेळा झालं. सारांश वाचून तिथेच थांबणाऱ्यांचं प्रमाण 26 टक्के निघालं, सारांश नसताना ते 16 होतं. सारांश येतो तेच प्रश्न मुळात वेगळे असतात, त्यामुळे सगळी घट एकट्या सारांशाच्या माथी मारता येत नाही, हे खरं. गूगलचं म्हणणंही नोंदवायला हवं: ऑगस्ट 2025 मध्ये कंपनीनं सांगितलं की साइट्सकडे जाणारे एकूण क्लिक साधारण स्थिर आहेत आणि उलट अधिक रस असलेला वाचक पोचतो आहे. पण त्यासोबत तपासता येतील असे आकडे कंपनीनं दिले नाहीत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये आपला आकडा दिला: माणसांकडून होणारं वाचन वर्षभरात सुमारे 8 टक्क्यांनी घटलं.

ही घट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. नवी मुंबई महापालिकेचा मालमत्ता कर भरायचा असेल तर महापालिकेच्या साइटवर जावंच लागतं; सारांश पावती देत नाही. बोनकोडेतला दातांचा दवाखाना किंवा खानावळ शोधणारा माणूस नकाशा, फोटो, वेळा आणि लोकांचे अभिप्राय बघतो. तिथे वेबसाइटपेक्षा गूगलवरची व्यवसायनोंद नीट असणं जास्त कामाचं. खरा फटका बसतो तो ‘हे म्हणजे काय’ आणि ‘हे कसं करायचं’ सांगणाऱ्या पानांना: पाककृती, योजनांची माहिती, परीक्षेच्या नोट्स, आरोग्याच्या शंका. ज्यांचं सगळं सांगणं चार ओळींत आटोपतं, त्यांचा वाचक त्या चार ओळींतच संपतो.

साइट चालवणाऱ्याला हे स्वतःच्या आकड्यांत दिसतं, पण अर्धवट. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये इंप्रेशन म्हणजे पान किती वेळा दाखवलं गेलं आणि क्लिक म्हणजे किती जण आत आले. पहिला आकडा तसाच किंवा चढता आणि दुसरा उतरता, असं चित्र आता अनेकांना दिसतं. सारांशातले क्लिक तिथे वेगळे काढून दाखवत नाहीत, ते नेहमीच्या शोधातच मिसळलेले असतात. म्हणून एकूण बेरीज बघत बसण्यापेक्षा प्रश्नवाचक शोधशब्द वेगळे काढावेत आणि त्यांची मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी. नावानं शोधत येणारे आणि थेट पत्ता टाकून येणारे वाचक टिकले आहेत का, हेही पाहावं. तोच आकडा साइटची खरी तब्येत सांगतो.

मग लिहायचं कसं? यावर एक अभ्यास आपल्या जवळचा आहे. प्रिन्स्टन विद्यापीठ आणि आयआयटी दिल्लीशी संबंधित संशोधकांनी 2023 मध्ये एआय उत्तरांत दिसण्याच्या उपायांची चाचणी घेतली. स्रोतांचे उल्लेख, अवतरणं आणि नेमके आकडे घातल्यानं दृश्यता 40 टक्क्यांपर्यंत वाढली. तेच ते शब्द ठासून भरण्याची जुनी युक्ती चालली नाही. मला हा निष्कर्ष पटतो, कारण वाचकालाही तेच हवं असतं. वकिलाच्या पानात शासन निर्णयाची तारीख हवी, 40 गुंठ्यांचं सोडवलेलं उदाहरण हवं आणि प्रत्येक परिच्छेद एकटा उचलला तरी अर्थ पुरा राहील अशी मांडणी हवी. ‘साडेबारा टक्के’ आणि ‘8.75 टक्के’ एकाच वाक्यात असतील तर सारांशात वजावट गळण्याची भीती कमी होते. आणि चार ओळींत मावणार नाही असं काहीतरी हवंच: स्वतःची जमीन भरून हिशेब काढता येईल असा तक्ता, अर्जाचा नमुना, प्रत्यक्ष प्रकरणांतून आलेला अनुभव.

आपला मजकूर सारांशात नकोच असेल, तर वाट अवघड आहे. मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी मजकूर नाकारण्याची ‘गूगल-एक्स्टेंडेड’ ही वेगळी सोय आहे, पण ती लावून एआय ओव्हरव्ह्यू थांबत नाही. तो नेहमीच्या शोधाचाच भाग मानला जातो. ‘नोस्निपेट’ ही सूचना लावली तर सारांशात मजकूर येत नाही, पण साध्या निकालातही पानाखालची वर्णनाची ओळ नाहीशी होते आणि उरलेसुरले क्लिकही जातात. ही निवड न्याय्य नाही. एकाच दारातून शोध आणि सारांश दोन्ही आत येतात आणि घरमालकाला फक्त दार बंद करण्याचा हक्क उरतो. या प्रश्नावर आता सरकारी यंत्रणाही हलल्या आहेत. भारतातल्या डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगानं जानेवारी 2022 मध्येच गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला होता. तो वाद बातम्यांच्या जाहिरात-उत्पन्नाचा होता. डिसेंबर 2025 मध्ये युरोपीय आयोगानं तर नेमका सारांशांत प्रकाशकांचा मजकूर वापरण्याचाच मुद्दा चौकशीला घेतला.

मराठीच्या बाबतीत मला यापुढची काळजी आहे. इंग्रजीत एका प्रश्नाला हजारो पानं असतात. दहा बंद पडली तरी सारांशाला कच्चा माल उरतो. साडेबारा टक्के योजनेवर, वारसनोंदीवर, गावठाण विस्तारावर मराठीत नीट लिहिलेली पानं मोजकी आहेत आणि ती बहुधा कुणीतरी हौसेनं, स्वतःच्या खर्चानं टिकवलेली असतात. वाचक येत नाही म्हणून त्यानं होस्टिंगचे पैसे भरणं थांबवलं, तर पुढचा सारांश बिल्डरच्या जाहिरातपानावरून किंवा इंग्रजी मजकुराच्या भाषांतरावरून रचला जाईल. त्यामुळे उत्तर मिळालं तरी खालचा दुवा उघडा. निदान जमिनीच्या, पैशांच्या आणि औषधांच्या प्रश्नांना तरी मूळ पान वाचा, उपयोगी वाटलं तर त्याचा पत्ता जतन करा आणि गावच्या ग्रुपवर सारांशाच्या फोटोऐवजी तो पत्ता टाका.