वडील एबी, मूल ओ: हे कसं शक्य आहे?

समजा, साताऱ्यातल्या एका घरात वडिलांचा रक्तगट एबी, आईचा बी. शाळेच्या ओळखपत्रासाठी मुलाचं रक्त तपासलं, तर रिपोर्टवर ओ! पुस्तकाप्रमाणे हे व्हायलाच नको. मग घरात कुजबुज सुरू होते, आणि बोट बहुतेक वेळा आईकडेच जातं.

आधी पुस्तक काय म्हणतं ते बघू. मेंडेलच्या वाटाण्यात उंचपणाचं जनुक बुटकेपणाला झाकून टाकतं. गुलबक्षीत लाल आणि पांढऱ्याचा मिळून गुलाबी होतो. रक्तगटाच्या ए आणि बी जनुकांमध्ये यातलं काहीच होत नाही. लाल पेशीवर एच नावाची साखरेची साखळी असते. तिच्या टोकाला ए जनुक एक साखर जोडतं, बी जनुक दुसरी, आणि ओ काहीच जोडत नाही. ए आणि बी दोन्ही मिळाली तर दोन्ही साखरा दिसतात, कुणी कुणाला झाकत नाही. हीच सहप्रभाविता. एबी माणसाकडे ओ जनुक नसतंच, म्हणून त्याचं मूल ओ होत नाही.

पण साखर अडकवायला खुंटी तर हवी ना! एच ही ती खुंटी. ए-बीचं जनुक ९ व्या गुणसूत्रावर, तर खुंटी बनवणारं १९ व्या. आई आणि वडील दोघांकडूनही खुंटीचं बिघडलेलं जनुक आलं, की ए किंवा बी आत शाबूत असूनही पेशीवर दिसत नाही, आणि नेहमीच्या तपासणीत रक्त ओ ठरतं. हा बॉम्बे रक्तगट. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याची पहिली नोंद केली. भारतात तो साधारण १० हजारांत एकाला असतो असं मानतात. नात्यातल्या लग्नात दोन्हीकडून तेच बिघडलेलं जनुक येण्याची शक्यता वाढते, आणि सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करायची रीत जुनीच आहे.

कुजबुजीपेक्षा खरा धोका वेगळाच आहे. या लोकांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात आणि ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर. म्हणजे रिपोर्टवर विसंबून ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. त्यांना बॉम्बे गटाचंच रक्त लागतं.

म्हणून रिपोर्ट जुळत नसेल तर रक्तपेढीत जाऊन सांगा: रुग्णाचा सीरम ओ गटाच्या पेशींबरोबरही तपासा. गुठळ्या झाल्या तर संशय पक्का, मग एच आहे की नाही याची चाचणी. बॉम्बे निघालाच, तर सख्ख्या भावंडांचंही रक्त तपासून घ्या. प्रत्येकाला तोच गट असण्याची शक्यता निदान चारात एक असते.