पॉडकास्टमधील श्रवण-दर्शन सुविधा आणि अध्यापन : एक विवेचन

मुद्रित ग्रंथातील एखादे विधान पुन्हा तपासावयाचे असल्यास अभ्यासक सूची चाळतो, पृष्ठक्रमांक पाहतो आणि काही क्षणांत त्या ओळीपर्यंत पोहोचतो. तेच विधान तासाभराच्या पॉडकास्टमध्ये ऐकलेले असेल, तर सरकपट्टीवर बोट पुढेमागे करीत ते अंदाजाने हुडकावे लागते. महाविद्यालयीन अध्यापनात या माध्यमाचा उपयोग वाढावा अशी अपेक्षा वारंवार व्यक्त होते; परंतु येथील मुख्य उणीव आशयाची नसून आशयापर्यंत नेमकेपणाने पोहोचण्याच्या सोयीची आहे. तिचे मूळ माध्यमाच्या तांत्रिक घडणीत आढळते.

डेव्ह वायनर यांनी २००० साली आरएसएस या प्रणालीत ‘एन्क्लोजर’ हा घटक समाविष्ट केला. ध्वनिफितीचा पत्ता, तिचा आकार आणि प्रकार एवढीच माहिती त्यात असते. ‘पॉडकास्टिंग’ ही संज्ञा बेन हॅमर्स्ली यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधील लेखात सुचविली, जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय केली. या साध्या रचनेमुळे माध्यम कोणा एका कंपनीच्या मालकीचे झाले नाही. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स हे ॲप बंद झाले, तरी त्यावर ऐकले जाणारे कार्यक्रम अन्यत्र ऐकता येत राहिले. मात्र याच साधेपणामुळे ध्वनिफीत बंद पेटीसारखी राहिली. तिच्या आत कोणता विषय कोठे आहे, हे फीड सांगत नाही.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झालेले आहेत. ॲडम करी व डेव्ह जोन्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘पॉडकास्टिंग २.०’ या उपक्रमात लिखित संहिता, प्रकरण-खुणा आणि एकाच भागाची ध्वनी व चित्र अशी पर्यायी रूपे फीडमध्येच नोंदविण्याची तरतूद आहे. परंतु निर्मात्याने खुणा भरल्या आणि ॲपने त्या दाखविल्या, तरच श्रोत्याला त्यांचा लाभ होतो. बहुधा यांपैकी एक बाजू लंगडी असते. वेग दीडपट करण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये आढळते; अभ्यासाच्या दृष्टीने तिचे मोल सर्वांत कमी आहे.

अध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न संदर्भनिर्देशाचा आहे. पृष्ठक्रमांकाच्या जागी मिनिट व सेकंद नोंदविण्याची पद्धत रूढ आहे. पण अनेक कार्यक्रमांत भाग उतरवून घेतानाच श्रोत्याच्या स्थळकाळानुसार जाहिराती जोडल्या जातात. पुण्यात बत्तिसाव्या मिनिटाला ऐकलेले वाक्य लंडनमधील श्रोत्यास तेहतिसाव्या मिनिटाला ऐकू येऊ शकते. काही महिन्यांनी पुण्यातही त्याची जागा बदललेली असते. असा संदर्भ शोधनिबंधात कितपत ग्राह्य धरावा, हे मार्गदर्शकांना ठरवावे लागेल. लिखित संहिता उपलब्ध असल्यास वाक्यच आधार ठरते आणि मिनिटांचा घोळ उरत नाही.

चित्रफितीने हा प्रश्न सुटत नाही. दोन व्यक्ती ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलताना दाखविण्यात ज्ञानदृष्ट्या फारसे काही साधत नाही; मोबाईलचा डेटा मात्र बराच खर्ची पडतो. यूट्यूबवर पडदा बंद ठेवून ऐकणे सशुल्क सदस्यत्वाखेरीज सामान्यतः शक्य होत नाही. नकाशा, आलेख वा समीकरण तेवढ्यापुरते दाखवून पुढे केवळ श्रवण चालू ठेवणे विद्यार्थ्याला अधिक उपयुक्त ठरेल. प्रकरण-खुणेस चित्र जोडण्याची तरतूद अस्तित्वात असून तिचा वापर विरळ आहे.

मराठीच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. ॲपलने मार्च २०२४ मध्ये स्वयंचलित संहिता उपलब्ध केली, तेव्हा ती इंग्रजी, फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश या चार भाषांपुरती होती. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘व्हिस्पर’ या प्रणालीत मराठीचा समावेश आहे. तथापि विशेषनामे, बोलीरूपे आणि इंग्रजीमिश्रित वाक्ये यांत तिच्या चुका होतात, म्हणून मानवी संपादन अटळ ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम स्वरूपात असावा यासाठी शासनाने उपाययोजना करावयाची आहे. कर्णबधिर विद्यार्थ्याला संहितेविना दिलेले ध्वनिव्याख्यान म्हणजे कोरे पानच होय. महाविद्यालये स्वतःची व्याख्याने ध्वनिमुद्रित करतात, तेव्हा वक्त्याची टिपणे बहुधा हाताशी असतात; ती दुरुस्त करून फीडमध्ये जोडण्यास ॲप-निर्मात्यांची वाट पाहावी लागत नाही.